हरकतींसाठी एक महिना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या खरेदीखतांच्या जाहिरातींच्या गर्दीत, अधूनमधून बारीक टाइपातली एक सूचना छापून येते. मौजे अमुक येथील सर्व्हे नंबर तमुकवरील 'खेळाचे मैदान' हे आरक्षण वगळून ते क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये ही सूचना प्रसिद्ध करण्यात येत आहे. फेरबदल दर्शविणारा नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध आहे. हरकती व सूचना एका महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात.

ही सूचना वाचणारे शहरात फार थोडे. वकील, वास्तुविशारद, जमिनींचे व्यवहार करणारे एजंट आणि माहिती अधिकारात काम करणारे चार-दोन कार्यकर्ते. ज्याच्या खिडकीसमोर ते मैदान आहे त्याला त्याचा सर्व्हे नंबर ठाऊक नसतो. तो त्या जागेला 'शाळेमागचे ग्राउंड' म्हणतो. त्याला बातमी लागते ती काही महिन्यांनी, भोवताली पत्रे ठोकले जातात आणि जेसीबी आत शिरतो तेव्हा. मग इमारतींमधली माणसे एकत्र येतात, सह्या गोळा होतात, नगरसेवकाला गाठले जाते, गेटवर फलक लागतो. महापालिकेतला अधिकारी शांतपणे फाइल उघडून दाखवतो. सूचना रीतसर प्रसिद्ध झाली होती, मुदतीत एकही हरकत आली नाही, फेरबदलाला मंजुरी मिळाली आणि बांधकाम परवानगी त्या मंजुरीप्रमाणेच दिली आहे. कागदात खोट काढता येत नाही. त्या दिवसापासून हे रहिवासी विकासाच्या आड येणारे ठरतात, आणि सगळे ठरून गेल्यावर हे कसे जागे झाले, असे त्यांना विचारले जाते.

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की त्यांना कुणी आधी बोलावलेच नव्हते. ज्या क्रमाने आपल्याकडे जमिनीचा वापर बदलतो त्या क्रमात रहिवासी शेवटी उभा केलेला आहे. मालक पहिला, त्याचा सल्लागार दुसरा, नगररचना विभाग तिसरा, मंत्रालय चौथे, आणि सगळ्यांचे जमले की मग त्या जागेच्या आसपास जगणारा माणूस. विरोध उशिरा येतो तो या रचनेमुळे. ती रचना बदलली पाहिजे असे मला वाटते, कारण शहरातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवताना ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याचाही हक्क असतो. भाडेकरूचा असतो, पागडीवाल्याचा असतो, अजून शाळेत न गेलेल्या मुलाचा असतो. पण हा हक्क मागणाऱ्यावर दोन बंधने येतात. आपण वाचवतो ती जागा सगळ्यांना खुली हवी, आणि तिची किंमत कुणीतरी एकट्याने सोसावी अशी अपेक्षा धरता येणार नाही. ही बंधने आपण रहिवाशांनी फारशी पाळलेली नाहीत, त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी कलम ३७ चे पाहू. ही तरतूद मुळात वाईट नाही. वीस वर्षांसाठी आखलेल्या योजनेत कुठे रस्ता थोडा सरकवावा लागतो, कुठे शाळेच्या आरक्षणात जुनी विहीर निघते. दर वेळी अख्खी योजना नव्याने करणे शक्य नसते. म्हणून कायदा फेरबदलाची मुभा देतो, आणि अट घालतो की त्यामुळे विकास योजनेचे स्वरूप बदलता कामा नये. अट वाजवी आहे. पण ती एका वेळी एकाच फेरबदलाला लावून पाहिली जाते. वीस लाख वस्तीच्या शहरातले चाळीस गुंठ्यांचे एक मैदान गेल्याने योजनेचे स्वरूप बदलत नाही, हे कुणीही मान्य करील. पुढच्या वर्षी दुसरे गेल्यानेही बदलत नाही. तिसऱ्याच्या वेळी फाइलवर पहिल्या दोहोंचा उल्लेखही नसतो. दहा वर्षांत एका प्रभागातून किती मोकळी जमीन गेली याची बेरीज मागणारे त्या कलमात काहीही नाही, आणि जी बेरीज मागितली जात नाही ती कुठलेही कार्यालय आपण होऊन करत नाही.

या वाटेने किती मोठी गोष्ट जाऊ शकते ते मुंबईच्या गिरण्यांनी दाखवले. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगाव कोसळत गेले आणि मध्य मुंबईतल्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने त्याला उत्तर दिले होते. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासगटाने एकेका गिरणीचा सुटा सुटा विचार न करता गिरणगावाचा एकत्रित आराखडा करावा असे सुचवले होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या शहराला मिळालेली ती बहुधा सर्वांत मोठी संधी होती. दाट चाळींच्या मधोमध, रेल्वेस्थानकांना लागून, एवढी सलग जमीन पुन्हा मिळणार नव्हती.

२००१ मध्ये नियम ५८ बदलला. वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असा नवा अर्थ त्यात आला. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल ती वाटणीच्या बाहेर. आता गिरणी म्हणजे मुख्यतः शेडच. धुराड्याभोवतीचे अंगण आणि दोन इमारतींमधल्या वाटा सोडल्या तर गिरणीत आधीपासून मोकळे असे राहते किती? शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला येणारी जमीन कितीतरी पटींनी घटली. आणि हा बदल झाला तो कलम ३७ खाली, त्याच खिडकीतून, ज्यातून एखाद्या रस्त्याची रेषा दोन मीटर सरकवली जाते.

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या बदलाविरुद्ध उच्च न्यायालयात गेला तो २००५ मध्ये. तोवर चार वर्षे लोटली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सुनावणीत उशिराचा मुद्दा निघाला, मधल्या काळात ज्यांनी पैसे गुंतवले त्यांच्या हिताचा मुद्दा निघाला. कायद्याच्या भाषेत या मुद्द्यांना वजन आहे हे मला समजते. पण परळ-लालबागच्या चाळीतल्या माणसाने २००१ मध्ये राजपत्र उघडून नियमातल्या शब्दांची नवी मांडणी समजून घ्यायला हवी होती, आणि ती त्याने घेतली नाही म्हणून त्याच्या नातवाचे मैदान गेले, हा न्याय मला पटत नाही.

पुढे तिथे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. मॉल आले, काचेची कार्यालये आली, गिरण्यांची नावे इमारतींच्या पत्त्यांत तेवढी राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. कारण एकच नव्हते. पाऊस होता, पूल अरुंद होता, रेल्वेची दिरंगाई होती. तरी गिरण्या चालू असतानाच्या काळातला तो पूल रोज हजारो कार्यालयीन कर्मचाऱ्यांची ये-जा सोसत होता, आणि त्या कर्मचाऱ्यांना उभे राहायला, वळायला, पसरायला बाहेर मोकळी जागा उरलेली नव्हती, हे त्या घटनेपासून वेगळे काढता येत नाही. मोकळ्या जागेचा विषय निघाला की लोकांना झाडे आणि सकाळचे फिरणे आठवते. दाट शहरात ती जागा माणसे जिवंत राहण्यासाठीही लागते. आग लागल्यावर बंब तिथे उभा राहतो, पूर आल्यावर पाणी तिथे मुरते.

गोव्यात हाच प्रश्न गावाच्या पातळीवर आला आणि तिथल्या लोकांनी तो मुंबईपेक्षा लवकर ओळखला. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला तेव्हा डोंगरउतार, शेते आणि बागायती वसाहतीच्या रंगात गेल्याचे गावोगावी लक्षात आले. गोवा बचाव अभियान उभे राहिले, डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. त्यानंतरच्या आराखड्यासाठी जे कृतिदल नेमले त्यातही चार्ल्स कोरिया होते. नवे नकाशे ग्रामपंचायतींपर्यंत नेऊन लोकांच्या सूचना घेण्यात आल्या. त्यात भांडणे झाली, वेळ गेला, तक्रारी राहिल्या. पण आपल्या गावचा कुठला तुकडा कुठल्या रंगात आहे हे जमीनमालक भाटकारालाही कळले आणि त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारालाही.

मग २०२३ मध्ये तिथल्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन दुरुस्त करणे हा त्याचा सांगितलेला हेतू. मालकाने अर्ज करायचा, खात्याने तपासायचा, आणि मंजूर झालेला बदल सर्व्हे नंबरासह राजपत्रात यायचा. लोकांच्या हरकतींना त्यात जागाच ठेवलेली नव्हती, कारण चूक दुरुस्त करायला लोकांना कशाला विचारायचे? एकेका प्लॉटचा झोन असा बदलत गेला. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. सुटे प्लॉट उचलून केलेल्या बदलांनी अख्खा प्रादेशिक आराखडा निरर्थक होतो, हा याचिकाकर्त्यांचा मुख्य मुद्दा होता. गावाने बसून, वाद घालून जो आराखडा मान्य केला त्यात एका अर्जावर बदल होत असेल, तर ती बैठक कशासाठी होती, हा प्रश्न कुठल्याही ग्रामसभेत विचारला जाईल.

अशा वेळी एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खरोखर विचारात घेण्यासारखा आहे. शहराला बागा हव्यात तशी इस्पितळेही हवीत, घरेही हवीत. ज्यांना घर मिळाले आहे त्यांनी नव्यांसाठी दार बंद करावे का?

इस्पितळाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच देऊन ठेवले आहे. बंगळुरूच्या राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी वैद्यकीय ट्रस्टला देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. इस्पितळ हे उद्यानापेक्षा लोकोपयोगी, असा बचाव झाला, आणि या रहिवाशांना तक्रार करण्याचा अधिकारच काय, असेही विचारले गेले. न्यायमूर्ती टी. के. थॉमन आणि आर. एम. सहाय यांच्या पीठाने दोन्ही मुद्दे फेटाळले. सार्वजनिक उद्यानाची जागा खासगी इस्पितळाला देता येणार नाही, आणि त्या भागात राहणाऱ्यांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. खेळाच्या जागेबाबतही असेच झाले. नवी मुंबईतल्या घणसोलीत २००३ मध्ये क्रीडासंकुलासाठी सुमारे वीस एकर जागा राखली होती. पुढे तिचा भाग खासगी विकासकाकडे गेला आणि २०२१ मध्ये क्रीडासंकुल रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, ११५ किलोमीटरवर हलवण्याचे ठरले. घणसोलीतल्या मुलाने संध्याकाळी कबड्डी खेळायला माणगावला जावे, असा त्या निर्णयाचा प्रत्यक्ष अर्थ होता. वास्तुविशारदांच्या संस्थेने त्याला आव्हान दिले, जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात ढवळाढवळ केली नाही.

घरांचे उत्तर इतके सोपे नाही. मुंबईत मोकळ्या जागांच्या अनेक आरक्षणांवर दशकानुदशके झोपडपट्ट्या आहेत. त्यांचे पुनर्वसन तिथेच करावे आणि उरलेला भाग मोकळा ठेवावा, अशी तरतूद १९९२ पासून कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये ती पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागांसाठी आहे: ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची, ६५ टक्क्यांवर पुनर्वसनाची योजना करायची. या तरतुदीविरुद्ध नागरिकांची याचिका २००२ मध्ये दाखल झाली. निकाल लागला जून २०२५ मध्ये. उच्च न्यायालयाने तरतूद कायम ठेवली, आणि उरणारी ३५ टक्के जागा खऱ्या अर्थाने सार्वजनिक राहील यासाठी निर्देश दिले.

मोकळ्या जागांच्या बाजूने लिहिणाऱ्या अनेकांना हा निकाल पराभव वाटला. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षे त्या जमिनीवर संसार केला, ज्याच्या मुलांची शाळा आणि बायकोची धुण्याभांड्यांची कामे त्याच गल्लीत आहेत, त्याला उद्यानासाठी शहराबाहेर पाठवणे मला मान्य होणार नाही. ती जमीन वेळेवर ताब्यात घेऊन कुंपण घालण्याचे काम महापालिकेचे होते. ते झाले नाही, आणि त्याची शिक्षा झोपडीतला माणूस आणि समोरच्या इमारतीतला माणूस दोघे भोगत आहेत. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे केल्याने ज्याने काम केले नाही तो सुटतो. भांडायचे असेल तर त्या ३५ टक्क्यांसाठी भांडावे. ती जागा जमिनीवर हवी, पार्किंगच्या छतावर नको. तिचे फाटक सार्वजनिक रस्त्यावर उघडायला हवे, टॉवरच्या लॉबीतून नको. विक्रीच्या इमारतीतले मूल आणि पुनर्वसनाच्या इमारतीतले मूल एकाच घसरगुंडीवर चढेल, अशी ती हवी. न्यायालयाचे निर्देश कागदावर राहू नयेत म्हणून दर वर्षी तिथे जाऊन पाहणारी माणसे लागतील, आणि याचिका करणाऱ्यांइतके चांगले हे काम दुसरे कोण करील?

इथे आपल्या स्वतःच्या वागण्याकडे यावे लागते. मध्यम शहरांतल्या कुठल्याही लेआउटमध्ये 'ओपन स्पेस' म्हणून सोडलेला एक चौकोन असतो. आमच्या वसाहतीतला सांगतो. एका कोपऱ्यात गणपतीचे देऊळ, त्याला लागून आमदार निधीतून झालेला सभामंडप. दुसऱ्या कोपऱ्यात बोअर आणि पाण्याची टाकी. मध्ये खुल्या व्यायामशाळेची पिवळी-निळी यंत्रे, त्यांतल्या दोहोंचे पेडल निखळलेले. एका बाजूला ज्यांच्या बंगल्यात गाडी मावत नाही अशांच्या गाड्या, वर ताडपत्री. राहिलेल्या पट्ट्यात मुले टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. फाटकावर पाटी आहे, 'फक्त वसाहतीतील रहिवाशांसाठी', आणि रात्री आठला कुलूप लागते. नाल्यापलीकडच्या वस्तीतली मुले भिंतीवरून उड्या मारून येतात. त्यांना हाकलले जाते. हाकलणारी माणसे वाईट नाहीत. त्यांतल्या काहींनी टेकडी वाचवण्याच्या मोर्च्यात घोषणा दिल्या आहेत.

या पाटीचे समर्थन मला करता येत नाही. मैदानाचे आरक्षण उठवू नका, कारण ते सर्वांचे आहे, असे आपण हरकतीत लिहितो. ते सर्वांचे असेल तर नाल्यापलीकडच्या मुलाचेही आहे. कुलूप लावलेल्या बागेसाठी भांडणाऱ्याला विकासक सहज गप्प करतो. तो म्हणतो, यांना यांच्या फ्लॅटचा उजेड आणि भाव राखायचा आहे. हे म्हणणे अनेकदा खरेही असते, आणि मग ज्यांचे म्हणणे खरोखर सार्वजनिक हिताचे आहे तेही त्याच मापाने मोजले जातात.

दुसरे बंधन पैशाचे. गावाच्या वेशीवर ज्याची दोन एकर जमीन होती आणि शहर पसरत आल्यावर ज्याच्या सात-बाऱ्यावर उद्यानाचे आरक्षण पडले, त्या शेतकऱ्याचा विचार हरकत घेणारे फार कमी करतात. शेजारच्याची जमीन येलो झोनमध्ये, म्हणजे रहिवास विभागात, गेली, त्याने बंगला बांधला, मुलाला दुकान काढून दिले. याला विकता येत नाही, बांधता येत नाही, कर्ज मिळत नाही. महाराष्ट्राच्या नगररचना अधिनियमाचे कलम १२७ त्याला एक वाट देते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षे उलटूनही संपादन झाले नाही तर तो नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत महापालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. महापालिका बहुतेक वेळा पैसे नाहीत म्हणते. टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घ्या म्हणते, पण बाजारात टीडीआरचा भाव पडलेला असेल तर मालक तो का घेईल? मुदत सरते, आरक्षण उठते, आणि मालक विकासकाशी करार करतो. त्याला मी दोष देणार नाही. शहराने वर्षानुवर्षे त्याची जमीन फुकट अडवून ठेवली.

म्हणून ज्याला हिरवळ हवी त्याने तिचे पैसे मोजायची तयारी ठेवली पाहिजे. मालमत्ता करात त्यासाठी वेगळी, दुसरीकडे वळवता न येणारी थोडी रक्कम द्यावी लागली तर ती द्यावी. पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतले सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखण्याकरता नागरिकांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१५ मध्ये राज्य सरकारची मंजुरी मिळवली. पण मंजुरी मिळाली म्हणजे जमीन मिळाली असे होत नाही. संपादन रखडले की मालक अस्वस्थ होतात, टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेड वाढतात, आणि इतके बांधकाम झालेच आहे तर आता आरक्षण ठेवून काय उपयोग, असा युक्तिवाद तयार होतो. लढा मंजुरीपाशी थांबला तर तो अर्ध्यावरच थांबतो.

आता पुन्हा हरकतींकडे येऊ. त्यांच्या सुनावणीला गेलेल्या कुणालाही विचारून पाहा. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ. बाहेर पन्नास-साठ माणसे, कुणी रजा टाकून आलेली, कुणी म्हाताऱ्या वडिलांना रिक्षातून घेऊन आलेली. नाव पुकारले की दोन-तीन मिनिटे. समोरचे अधिकारी मान हलवतात, लेखनिक काहीतरी टिपतो. आपण काय बोललो त्याची प्रत मिळत नाही. पुढे कधीतरी कळते की हरकत मान्य झाली नाही. का झाली नाही, हे कळत नाही. तरी या हरकतींचा उपयोग किती मोठा असतो हे मुंबईने २०१५ मध्ये पाहिले. विकास आराखडा २०३४ चा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या चुका, चुकीच्या जागी दाखवलेले रस्ते, गायब झालेल्या वारसावास्तू, नागरिकांनी गल्लीगल्लीतून शोधून काढल्या. दोन महिन्यांच्या आत मुख्यमंत्र्यांना तो मसुदा नव्याने करण्याचे आदेश द्यावे लागले. तज्ज्ञांना जे उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले नाही ते तिथे राहणाऱ्यांना ठाऊक होते. एवढे ज्ञान शहरात फुकट उपलब्ध असताना ते फक्त शेवटच्या महिन्यात मागवायचे, यात शहराचेच नुकसान आहे.

बदल फार अवघड नाहीत. आरक्षण उठवायचे असेल तर त्या जागेवरच, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत फलक लावावा: इथे मैदान आहे, ते रद्द करण्याचा प्रस्ताव आहे, या तारखेपर्यंत बोला. सुनावणी त्या प्रभागातल्या शाळेत, संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी. प्रत्येक प्रस्तावाला त्या प्रभागात आजवर किती मोकळी जागा गेली आणि किती आली याचा हिशेब जोडावा. आणि एक जागा घ्यायचीच असेल तर तेवढीच दुसरी, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आधी ताब्यात घेऊन दाखवावी. या शेवटच्या अटीचा आग्रह मी सर्वांत जास्त धरीन, कारण पर्यायी जागेचे आश्वासन देऊन मूळ जागा घेणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे निवडून आलेले सभागृह नव्हते. जो ठराव सर्वसाधारण सभेत, विरोधी बाकांवरच्या कुणीतरी उठून प्रश्न विचारल्यावर व्हायला हवा, तो प्रशासकाच्या सहीने होत राहिला. त्या काळात कोणकोणते फेरबदल पुढे सरकले याची प्रभागनिहाय यादी प्रत्येक महापालिकेने आता प्रसिद्ध केली पाहिजे. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होऊन नगरसेवक आले आहेत, आणि हा प्रश्न त्यांनी पहिल्या वर्षातच विचारायला हवा. ते विचारत नसतील तर आपण विचारावा. प्रभागातली कोणती आरक्षणे दहा वर्षे ओलांडून गेली, कोणत्या मालकांनी कलम १२७ ची नोटीस दिली, चोवीस महिन्यांतले किती उरले आणि संपादनासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम धरली, ही माहिती महापालिकेकडे असते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. तो अर्ज पत्रे ठोकले जाण्याच्या आधी, या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या आधी, त्या मैदानावर मुले खेळत असतानाच द्यायला हवा.